टीव्हीमागची भिंत

“पोरींना एवढं जपानात नेऊन ठेवलं, आणि मॅच लावली ती ऐन पोह्यांच्या वेळेला,” कोथिंबीर निवडता निवडता शैलजावहिनी पुटपुटल्या. चारुलता शेजारीच कढईत झारा फिरवत होती, म्हणून तिला ऐकू गेलं. नाहीतर ते कुणाला उद्देशून नव्हतंच.

“त्यांना काय कल्पना वहिनी, रविवारी साडेनऊला इंदुरात माणसं काय करत असतात.”

“आणि जिरावन संपलंय. चार दिवस सांगतेय मी हृषीला.”

“वरच्या फळीवर, मागच्या डब्यात आहे. मी काल आणलं.”

वहिनींनी स्टुलावर न चढता टाचा उंच करून डबा काढला, झाकण उघडून मसाला हुंगला, तो पोह्यांवर भुरभुरवला आणि ताटल्या उचलल्या. “मी जाऊ ना मग बाहेर? सुरू होईल आता. काही लागलं तर हाक मारा, चारूताई.”

“जा तुम्ही.”

या घरात सून म्हणून आल्यापासून, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, वहिनी हेच वाक्य म्हणत आल्या होत्या. आणि चारूने एकदाही हाक मारलेली नव्हती.

बाहेर जो तो आपापल्या जागेवर बसला. या घरात भारताची मॅच बघायची म्हणजे आधी जागा सांभाळायच्या. चारूचा दादा, रामभाऊ, खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा पाय डाव्यावर. मुंग्या आल्या तरी मॅच संपेपर्यंत तो पाय खाली यायचा नाही. त्यांचा मुलगा हृषीकेश सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्याची बायको अमिता उजव्या कोपऱ्यात, पोटाशी उशी धरून. मधली जागा वहिनींची. धाकटी नात ऋजुता खाली, सतरंजीवर. एकदा पॉइंट आपल्याकडे पडायला लागले की कुणी हलायचं नाही. शिंक आली तरी नाक दाबून धरायची. आणि चारूची जागा स्वयंपाकघर. कारण चारू पनवती होती. ती टीव्हीसमोर बसली की भारत हरतो.

हे कोणी रागाने म्हणत नसे. घरातला तो जुना, लाडका विनोद होता. नव्या पाहुण्याला सांगायचा, आणि सांगताना चारूनेच मधले दुवे पुरवायचे. ब्याऐंशीचं दिल्लीचं एशियाड. तेव्हा सगळे परदेशीपुऱ्यात, मिलच्या क्वार्टरमध्ये राहायचे. अण्णांनी म्हणजे तिच्या वडिलांनी, मिलमधल्या कारकुनाने, हप्त्यावर टीव्ही आणलेला. हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान, खोलीत अर्धी चाळ. वीस वर्षांची चारू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच क्षणी गोल बसला. ती कुतूहलाने तिथेच टेकली, तर आणखी एक. मग आणखी. शेवटी सात-एक. अण्णा म्हणाले, “हिला आत पाठवा रे कोणीतरी.” सगळे हसले. त्या दिवशी हसायला दुसरं काही नव्हतंच.

पुढच्या जूनमध्ये क्रिकेटचा वर्ल्ड कप आला. चारू आत होती, भारत जिंकला, आणि गोष्टीवर शिक्का बसला. दोन हजार अकराला ती आत, पुन्हा कप. दोन हजार तीनला ती आतच होती आणि फायनल गेली, पण दादाचं म्हणणं, तेव्हा तिने नक्कीच डोकावलं असणार. मोबाइल आल्यावर नियमात एक पोटकलम वाढलं: मॅचच्या दिवशी चारूचा फोन दादाच्या खुर्चीजवळच्या टीपॉयवर. मागावा लागत नसे. ती आपणहून नेऊन ठेवी, शाळेत बाई परीक्षेआधी पोरींच्या चिठ्ठ्या गोळा करतात तसा. आजही ठेवला होता, उलटा.

फक्त आजची मॅच हॉकीची नव्हती, क्रिकेटची तर नाहीच. टेबल टेनिस, महिलांचा संघ, एशियाडची उपांत्यपूर्व फेरी, समोर कोरिया. ही जिंकली की निदान ब्राँझ नक्की. आणि भारताच्या तीन मुलींमधली एक ईशा होती. हृषी-अमिताची थोरली. चारूची ईशा.

हे ‘चारूची’ कोणी तोंडाने म्हणत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. चारू मुलींच्या शाळेत खेळाची बाई होती. तीस वर्षं शिट्टी वाजवून मुदतीआधीच रिटायर झाली तेव्हा शाळेचं जुनं, एक पाय लंगडा झालेलं टेबल तिने मागून घेतलं आणि इथे सुदामा नगरच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली लावलं. लंगड्या पायाखाली विटेचा तुकडा. ईशा तेव्हा सहा वर्षांची, टेबलापेक्षा जेमतेम उंच. नेट कुठे, बॅट कशी धरायची, समोरच्याचा वेग मारणारं लांब दाण्यांचं रबर बॅटच्या मागच्या बाजूला का लावायचं, सगळं त्या पत्र्याखाली. आणि आणखी एक गोष्ट. बॉल टेबलाच्या वरच्या कडेला नुसता चाटून गेला तरी तो आत धरतात. तसा तो ईशाच्या बाजूला चाटला आणि कोणाला कळलं नाही, तर ईशाने स्वतः बोट वर करायचं. गच्चीवर पंच कुठला, दोघीच. चारू आपल्या बाजूला लागला की आपलं बोट वर करायची.

“आजी, असं करशील तर तू हरशील ना.”

“हरले तर हरले. लागला तो लागला.”

कॅम्पसाठी ईशा गेली त्याला वर्ष झालं. टेबल मिटवून चारूने त्यावर जुनी चादर टाकली होती. तिची खोली गच्चीला लागूनच, त्यामुळे संध्याकाळी कानांना चुकल्यासारखं व्हायचं. टक-टक ऐकू यायची वेळ व्हायची आणि यायची नाही. मग ती एका कपाचं पातेलं गॅसवर ठेवायची, आणि ते उकळायला फार वेळ घ्यायचं नाही, हीच त्याच्यातली अडचण होती.

काल दुपारी ईशाचा फोन आला होता. वरच्या खोलीत, थेट चारूला.

“आजी, उद्या तू समोर बसायचं. किचनमध्ये नाही.”

“अगं, दादाचा जीव जाईल.”

“आजोबांचं मला नको सांगू. मी लहान असल्यापासून बघतेय तो ड्रामा. तू समोर बसलीस ना, की मला कळतं. मी खेळते ते तुला दाखवायलाच खेळते यार. प्रॉमिस कर.”

“बसेन,” चारू म्हणाली होती.

सकाळी उठल्यापासून तिने ते वाक्य तयार केलं होतं. ‘मी आज बाहेर बसणार आहे.’ काही अवघड नाही. कांदा चिरताना म्हणून बघितलं, पोहे भिजवताना म्हणून बघितलं. मग अमिता डोळे सुजलेली आत आली, देवापाशी उभी राहिली, दिवा लावला आणि वळून म्हणाली, “आत्या, तुम्ही आहात ना आत? मग मला टेन्शन नाही.” अमिता. जी एरवी या विनोदाला कधी हसत नसे, जी म्हणायची, आत्या तुम्ही ऐकून का घेता. आज तिची पोर खेळत होती.

वाक्य तसंच राहिलं. फोन टीपॉयवर गेला.

*

आता एक गंमत होती, आणि चारूच्या मते ती तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. टीव्ही ज्या भिंतीवर टांगला होता तिच्याच मागे ओटा. म्हणजे घरात टीव्हीच्या सर्वांत जवळ चारूच असायची, फक्त पाठीमागून. क्रिकेटमध्ये त्याचा उपयोग नव्हता. पण टेबल टेनिस ऐकू येतं. तिने एक्झॉस्ट बंद केला, नळ घट्ट पिळला आणि खांदा भिंतीला टेकवून उभी राहिली.

पहिली मॅच बंगालच्या मुलीची होती. ती तीन गेममध्ये आटोपली. “गेली,” दादाचा आवाज. मग ईशा.

बॅट टेबलावर दोनदा ठोकण्याची तिची सवय. ठक ठक. चारूने नकळत ओट्यावर दोन बोटं ठोकली. मग खेळ सुरू झाला आणि तिने डोळे मिटले. साध्या रबराचा आवाज कोरडा, टॉक. लांब दाण्यांचा आवाज बसका, ओल्या कपड्यावर थाप मारावी तसा. टॉक, थप, टॉक, थप. ही बॅकहँडने नुसती अडवतेय. घाई नाही. समोरची चिडतेय, मारतेय. टॉक. थप. टॉक. थप. आणि मग जाळीला लागलेल्या बॉलचा तो फुसका आवाज. समोरचीच्या बाजूने. हॉलमध्ये टाळी पडायच्या आत चारूने ओट्यावर रेघ ओढली होती, गव्हाच्या पिठात, बोटाने.

तीन-एक. ईशा जिंकली.

“चारू!” दादा बाहेरून ओरडला. “शाब्बास! तिथेच राहा हां तू, हलू नको!”

सगळे हसले. हृषीने वर पुरवणी जोडली, “आत्या, आज तुम्हारे हाथ में है सब. चहाचा एक राउंड होऊन जाऊ दे त्याच जोशात.”

चारूही हसली. भिंतीला ते दिसलं नाही.

तिसरी मॅच चेन्नईच्या मुलीने काढली. दोन-एक. चौथीत बंगालची मुलगी पुन्हा गेली. दोन-दोन. आता पाचवी, शेवटची, आणि ती पुन्हा ईशाची.  चहा उकळत होता. ऋजुता कप न्यायला आली, आणि कप तसेच ठेवून चारूच्या कमरेला विळखा घालून उभी राहिली.

“चारूआजी, चल ना बाहेर.”

“चहा व्हायचाय गं.”

“दीदीने मला पण फोन केला होता. बोलली, आजी ना उठेल, ना बोलेल, तूच ओढून आण. तू प्रॉमिस केलंयस तिला.”

“तुझी आई घाबरलीय, ऋजू. आज राहू दे.”

“मम्मी तर लिफ्टमध्ये पण घाबरते यार.” पोरीने गाळणी चारूच्या हातातून काढून घेतली आणि चहा कपांत गाळला. “तू नाही बसलीस आणि दीदीने विचारलं तर मी खोटं नाही बोलणार हां. सांगून ठेवते.”

ती कप घेऊन गेली. चारूने उरलेल्या चहाखालचा गॅस बंद केला. चहा झालाच होता.

पहिला गेम ईशाने घेतला, दुसरा गेला, तिसरा घेतला, चौथा गेला. चारू भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. चौथ्यात पोरीचे पाय जड झाले होते. बॉल उशिरा घेतला की टॉकला एक घसरा येतो, तो तिला ऐकू येत होता. बाहेर कुणाला दिसत असेल का, कोण जाणे. पाचव्यात मात्र आवाज पुन्हा स्वच्छ झाला. तीन-दोन. पाच-चार. सात-पाच. आठ-सहा.

आठ-सहा आपल्याकडे. आणखी तीन.

पदराला हात पुसून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ठरवून नाही. पाय आले.

कोणी वळून पाहिलं नाही. आणि चारूने ईशा पाहिली. केवढी वाळलीय, हा पहिला विचार. केसांना तीच काळी चिमट्याची क्लिप, इथल्या बाजारातली, दोघींनी मिळून घेतलेली. निळ्या शर्टावर पाठीवर देशाचं नाव आणि खाली घामाचा डाग. सर्व्हिसच्या आधी ती बॉल तळहातावर ठेवून एक क्षण थांबली, चारू थांबायची तशी.

पॉइंट गेला. आठ-सात.

पुढच्या बॉलला ईशा वाकली, पोहोचली, थोडक्यात चुकली. आठ-आठ.

“अरे,” हृषी म्हणाला आणि का कोण जाणे, मान वळवली. मग दादाने. मग अमिताने. तिचे डोळे भरलेले. उशी छातीशी धरून ती अगदी हळू म्हणाली, “आत्या. प्लीज. आज नको ना.”

 दादाने फक्त आपला उजवा पाय, खाली घसरला होता तो, उचलून पुन्हा डाव्यावर ठेवला.

चारूने वहिनींकडे पाहिलं. सोफ्याच्या मधल्या जागेवरून वहिनींनीही तिच्याकडे पाहिलं, नीट, नेहमीपेक्षा एक क्षण जास्त. मग त्यांनी नजर टीव्हीकडे नेली.

“मी काय बसायला आले नव्हते,” चारू म्हणाली. “कप न्यायला आले होते.” दोन रिकामे कप उचलून ती आत गेली. दोन पॉइंट. तेवढी ईशा तिने पाहिली होती, आणि दोन्ही गेलेले.

“मम्मी, तू पण ना,” ऋजुता म्हणाली, आणि तिला तीन तोंडांनी एकदम गप्प केलं.

भिंत आता गार वाटत होती. नऊ-आठ. नऊ-नऊ. मग नेटला लागून एक बॉल इकडे पडला, नशिबाचा. नऊ-दहा. कोरियाला एक पॉइंट हवा होता.

लांबलचक रॅली झाली. टॉक, थप, टॉक, थप, टॉक. चारूने मोजायचं सोडून दिलं. मग समोरचीने सगळं अंग घालून मारला, तो आवाज मोठा, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच्या सावलीत, एक अगदी बारीक ‘टिक्’. नखाने काचेला स्पर्श करावा एवढा.

हॉल फुटला. “बाहेर! बाहेर गेला! दहा-दहा!” हृषी उठून उभा राहिल्याचं ऐकू आलं, सोफा करकरला. अमिता रडत हसत होती. दादा म्हणत होता, “बघ, गेली आत आणि पडला पॉइंट, बघ!”

चारू हलली नाही. लागला होता. ईशाच्या कडेला लागला होता. पंचांना कळलं नाही, हॉलला कळलं नाही. इंदूरच्या एका ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला कळलं होतं, आणि दुसऱ्या टोकाला जर कुणाला कळलं असेल तर त्या पोरीला. एवढ्या मोठ्या जगात दोघीच, पत्र्याखाली होत्या तशा. चारूच्या मनात आलं, ‘राहू दे बाई. आजच्या दिवस राहू दे.’ आलं, हे खरं. त्याची तिला नंतर लाज वाटली, आणि नंतर लाज वाटल्याचाही राग आला.

बाहेर आवाज एकदम उतरला.

“हे काय करतेय?” हृषी. “पंचाला काय दाखवतेय ही? ओ भिया, हात खाली कर ना, ईशा! पागल आहे का?”

आणि मग टीव्हीवर दुसऱ्याच भाषेतला आनंद.

*

त्यानंतर तासभर ते सगळे तिथेच होते, आता कोणत्याही जागेवर. जिंकल्यावर खायची म्हणून आणलेली जिलेबी कागदातच गार झाली. चारू ताटल्या गोळा करायला आली आणि सोफ्याच्या मागे उभी राहिली. आता उभं राहायला हरकत नव्हती.

“दोन-दोन पंच बसवलेत ना तिथे?” दादा म्हणाला. “त्यांना दिसलं नाही, मग हिला कोण विचारत होतं?”

“पूरा देश देख रहा है आणि ही हरिश्चंद्र,” हृषी म्हणाला.

“तिने बरोबरच केलं,” अमिता म्हणाली. नाक पुसलं. मग म्हणाली, “पण.”

“कोण शिकवतं हे असं,” दादा म्हणाला, आणि खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तो स्वतःशीच मान हलवत राहिला. “आठ-सहा होतं. आठ-सहा होतं चांगलं.”

“बाबा, असू दे आता.”

“मी कुठे काय म्हणतोय. मी स्कोअर सांगतोय.”

वहिनी मधल्या जागेवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.  तेवढ्यात हृषीचा फोन वाजला. ईशा. पडद्यावर तिचा चेहरा, मागे पांढरी भिंत, केस सोडलेले.

“कोणी रडायचं नाही,” ती म्हणाली. “माझं रडून झालंय. मम्मी, प्लीज. पप्पा, तुम्ही ओरडला असाल ते मला माहीतेय. चारूआजी कुठेय?”

फोन सोफ्यावरून मागे आला. चारूने तो दोन्ही हातांनी धरला. बाकीचे तिच्या खांद्याशी जमले. फोनमध्ये सगळ्यांचे अर्धे अर्धे चेहरे.

“आजी.” आता ईशाचा आवाज लहान झाला. “लागला होता ना?”

“लागला होता.”

“नक्की ना? कारण इथे सगळे म्हणतायत, रिप्लेमध्ये पण नीट दिसत नाही. सर बोलत नाहीयेत माझ्याशी. बाकीच्या दोघी बोलतायत, पण अशा, आजारी माणसाशी बोलतात ना, तशा. मला आता स्वतःलाच वाटायला लागलंय की मी ऐकलं की मला भास झाला. मेडल होतं आजी. एक पॉइंट वाचला असता तर पुढे मी मारलं असतं, मला माहीतेय, तिची हवा निघाली होती.”

“कडेलाच लागला, वरच्या. शंभर टक्के. शंका घेऊ नकोस.”

“बस. तू पाहिलंस, मग झालं.” ती हसली, आणि हसता हसता तिचा ओठ वाकडा झाला. “खरं सांगू? बोट वर करायच्या आधी मी एक सेकंद थांबले होते. मनात आलं माझ्या, कोणाला कळलंय? मग वाटलं, आजी समोर बसलीय. ती बघतेय. म्हणून केलं. मग कॅमेऱ्याकडे पण बघितलं मी, तुझ्याकडे. तू काय केलंस तेव्हा? तू पण बोट वर केलंस ना?”

चारूने फोन एका हातात घेतला आणि दुसरा पदराला पुसला.

“आजी? तू समोर होतीस ना?”

ऋजुताने श्वास घेतलेला ऐकू आला, आणि तिच्या दंडावर अमिताचा हात पडलेला दिसला. दादाने घसा खाकरला आणि फोनच्या चौकटीत आपलं डोकं घातलं.

“होती ना, होती की! इथेच होती आमच्यात, सोफ्यावर, मधे. तुझ्यासाठी नियम मोडला आज आम्ही.”

“खरंच?” ईशाचा चेहरा उजळला. “बघ. मला माहीत होतं.”

ते खोटं तिथे, फोनच्या उजेडात, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर बसून राहिलं. चारूला वाटलं, राहू दे. पोरगी दूर आहे, एकटी आहे, हरलीय. तिला एवढं तरी असू दे की कोणी बघत होतं. एवढी वर्षं आत काढली, त्यात हे एक. आणि त्याच वेळी तिला पत्र्याखालची सहा वर्षांची पोर दिसत होती, बॅट दोन हातांत धरलेली, वर बघून विचारणारी. काय उत्तर द्यायचं ते तिला माहीत होतं. शिकवलंच होतं तिने. जीभ मात्र उचलत नव्हती.

“नव्हती,” शैलजावहिनी म्हणाल्या.

सोफ्यावरून उठून त्या आल्या होत्या. त्यांनी फोन घेतला नाही, नुसत्या चारूच्या शेजारी उभ्या राहिल्या, फोनमध्ये दिसतील एवढ्या.

“नव्हती ती समोर, ईशा. आत होती, ओट्यापाशी. आठ-सहाला बाहेर आली होती, तर आम्ही तिला परत पाठवलं. तिने पाहिलं नाही, तिने भिंतीमागून ऐकलं. आम्ही सगळे टक लावून बघत होतो, आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.”

“शैला, अगं काय आता,” दादा म्हणाला, “एवढं हे करण्यासारखं आहे का? ती आपली एक गंमत.”

“थांबा तुम्ही.” वहिनी त्याच्याकडे वळल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. जिरावन संपल्याचं सांगावं त्याच आवाजात बोलत राहिल्या, पण आता चारूकडे बघून. “त्र्याऐंशीला, वर्ल्ड कपच्या फायनलला, मी चार महिन्यांची सून होते या घरात. पंधरा माणसं बसलेली. सासूबाई म्हणाल्या, दोघींपैकी एक जण आत राहा गं, चहा लागेल. नवी सून म्हणजे मीच जायचं. उठलेही होते. तुम्ही पुढे बसला होतात चारूताई, अण्णांच्या पायाशी, जागा धरून, दुपारपासून. हॉकीची ती गोष्ट, लग्नात कुणीतरी मला हसत सांगितलेली, तोवर सगळे विसरले होते. मी आठवण करून दिली. मी म्हटलं, चारूताईंना पाठवा ना, त्या पनवती आहेत. सगळे हसले. तुम्हीपण हसलात आणि उठलात.”

फोनमध्ये ईशा हलत नव्हती. पडदा अडकला की काय, असं वाटावं इतकी.

“नंतर दर वेळी म्हणायचं होतं मला,” वहिनी म्हणाल्या. “दर वेळी म्हटलं, ही मॅच होऊ दे. पनवती वगैरे कोणी नव्हतं या घरात. चहा कुणीतरी करायचा होता, आणि मला मॅच बघायची होती.”